मजूर मिळत नाही, असं मीही म्हणत होतो

सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात ज्याची एक एकर बाग आहे त्याच्या तोंडी एक तक्रार कायम असते: माणूस मिळत नाही. ऑक्टोबर छाटणी उरकली की पेस्ट लावायला, फेल काढायला, डिपिंगला, विरळणीला हात लागतात, आणि ते सगळ्या गावाला एकाच पंधरवड्यात लागतात. या तक्रारीला जोडून दुसरं वाक्य हमखास येतं, 'रोजगार हमीनं माणसं आळशी करून ठेवली.' हे वाक्य मी वर्षानुवर्षं बोललो, लिहिलं, शेतकरी मेळाव्यांत मांडलं. आज मी ते मानत नाही. मत कशानं बदललं आणि त्यातलं काय अजून कायम आहे, ते नीट सांगायला हवं असं वाटतं. कारण डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला आणि आमची ती जुनी तक्रार त्यात थेट कलम होऊन बसली.

माझी भूमिका हवेतली नव्हती. गावात कामं निघाली की रोज वाढतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मस्टरवर नावं एकाची, काम जेसीबीचं आणि पैसे तिसऱ्याच्या खिशात, हेही पाहिलं होतं. त्यात अर्थशास्त्राचं शिक्षण झालेलं, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या पुस्तकातली आकृती डोक्यात पक्की होती: सरकार मजुराला जास्त पैसे देऊन ओढून घेईल, मग खासगी मजुरी चढेल आणि मजुरी चढली की शेतकरी कमी माणसं लावेल. एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा, आणि मधल्यामध्ये गळतीत सगळ्यांचाच तोटा.

वाईट याचं वाटतं, की ही योजना आमच्याच मातीत रुजली आणि तिच्याकडे परकेपणानं बघायला आम्हीच शिकलो. वि. स. पागे सांगली जिल्ह्यातले. साठच्या दशकाच्या मध्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी 'मागेल त्याला काम' ही कल्पना करून पाहिली. पुढे ते विधान परिषदेचे सभापती असताना १९७२ चा दुष्काळ आला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना मिलो आणि सुकडी अजून आठवते. खडी फोडायला, पाझर तलावांवर, नालाबंडिंगला माणसं लोटली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसं होती. त्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ ला लागू झाला. त्यासाठी पैसा उभा करायला १९७५ पासून व्यवसाय कर आला. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून आजही महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, ते हेच. २००५ मध्ये देशानं कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

आणखी एक गोष्ट आम्ही बागायतदार सोयीनं विसरतो. १९९० पासून राज्यानं फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली. कोकणातला हापूस आणि काजू, सांगोला-आटपाडीच्या कोरड्या रानातलं डाळिंब, कितीतरी खडकाळ रानांतली बोरं आणि सीताफळं या योजनेच्या पैशातून उभी राहिली. खड्डे खणण्याची मजुरी सरकारनं दिली आणि बाग मालकाची झाली. रोजगार हमीनं शेती बुडवली असं म्हणणाऱ्यांच्या बांधावरच तिनं लावलेली झाडं उभी आहेत.

पण इतिहासानं माझं मत बदललं नाही. ते बदललं आंध्र प्रदेशातल्या एका अभ्यासानं.

कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांचं हे काम. २०१० च्या सुमाराला आंध्र सरकार रोजगार हमीची मजुरी आणि पेन्शन बोटाच्या ठशावर चालणाऱ्या स्मार्टकार्डानं द्यायला निघालं होतं. कार्ड आधी कुठल्या मंडलात आणि नंतर कुठल्या, हे सरकारनं सोडतीनं ठरवू दिलं. (मंडल म्हणजे आपल्या तालुक्याहून लहान भाग.) आठ जिल्हे, १५७ मंडलं, जवळपास दोन कोटी लोकवस्ती. सोडत असल्यामुळे दोन्हीकडची गावं मुळात सारखीच होती. पुढे जो फरक दिसला तो योजना नीट चालल्याचा. कार्डामुळे मजुरी लवकर आणि वेळेवर मिळू लागली, मधली गळती घटली, आणि त्यासाठी सरकारला योजनेवर जादा पैसा ओतावा लागला नाही.

इथवर मला काही खटकलं नव्हतं. गळती थांबली तर मजुराला जास्त मिळणारच. खरा धक्का पुढच्या हिशेबात होता. तो त्यांनी २०२३ मध्ये 'इकॉनोमेट्रिका'त छापला. लाभार्थी कुटुंबांची कमाई १४ टक्क्यांनी वाढली आणि गरिबी २६ टक्क्यांनी घटली. पण वाढलेल्या कमाईतला ८६ टक्के हिस्सा रोजगार हमीच्या मजुरीतून आलेलाच नव्हता. तो बाहेरच्या, म्हणजे शेतमालकांनी आणि इतर खासगी लोकांनी दिलेल्या कामातून आला होता. खासगी मजुरी वाढली, आणि माझ्या पुस्तकी आकृतीप्रमाणे खासगी काम घटायला हवं होतं तर तेही वाढलं.

मी हे पान पुन्हा पुन्हा वाचलं. मजुरी वाढली तर मालक माणसं कमी लावेल, यावर माझं सगळं म्हणणं उभं होतं. मजुरी आणि काम दोन्ही एकदम वाढत असतील, तर मुळात मजुरी बाजाराच्या भावापेक्षा खाली दाबलेली असली पाहिजे. लेखकांचाही रोख तिकडेच आहे: मजुरांच्या बाजारात खरी स्पर्धा नाही, मालकांचा हात वर आहे. हात वर असलेला मालक थोडी माणसं कमी दरानं लावण्यात समाधानी असतो. दर चढवून जास्त माणसं बोलावली तर आधीच्यांनाही तोच दर द्यावा लागेल, म्हणून तो थांबतो. खालून एक आधार मिळाला आणि मजूर पडेल दरानं जायला नकार देऊ लागला, की दर चढतो, आणि त्या दरानं घराबाहेर पडणारी माणसंही वाढतात.

पुस्तकातल्या आकृतीत मावत नसलेली ही गोष्ट माझ्या गावात मात्र मला चांगली ठाऊक होती. रोज किती द्यायचा हे आमच्याकडे बाजार ठरवत नाही. हंगामाच्या तोंडाला पाच-सात मोठे बागायतदार कुणाच्या तरी ओसरीवर बसतात आणि यंदा बायकांना इतके, गड्यांना इतके, असं ठरतं. एखाद्यानं घाईला येऊन पन्नास रुपये वाढवून दिले की त्याच्या घरी निरोप जातो, 'दर फोडू नका.' त्या बैठकीला मीही बसलो आहे. त्याला आम्ही संगनमत म्हणत नव्हतो, गावची शिस्त म्हणत होतो. ॲडम स्मिथनं १७७६ मध्येच लिहून ठेवलंय, की मजुरी वाढू नये म्हणून मालकांची आपापसात कायम एक मूक समजूत असते. एम.ए.ला ते मला पाठ होतं. ओसरीवर बसताना मात्र त्याची आठवण झाली नाही.

आंध्रचा अभ्यास वाचल्यावर आमच्या रानात भांगलायला येणाऱ्या एका आक्कांना मी सहज विचारलं, "आक्का, ग्रामपंचायतीच्या कामावर तुम्ही कधी गेला न्हाई का?"

त्यांनी खुरपं थांबवलं नाही. "न्हाई गेले. मला घरच्या शेरडांमुळं जमत न्हाई." मग चार पातींनंतर त्या आपणहून म्हणाल्या, "पर तळ्याचं काम निघालं त्या साली तुमच्या आबांनी आमाला बोलवून रोज वाडीवला. निम्म्या बाया तळ्यावर जातील म्हून भ्या वाटलं आसंल. काम दोन म्हैन्यांत बंद झालं. रोज काय परत कमी केला न्हाई कुनी."

आंध्रच्या त्या ८६ टक्क्यांचा अर्थ याहून चांगला मला कुणी समजावला नसता. आक्का रोजगार हमीवर एक दिवसही गेल्या नव्हत्या. तिथं जाता येतं, एवढं मालकाला कळणं त्यांना पुरलं. त्यांचं शेवटचं वाक्यही खरं आहे. सुप्रीत कौर यांनी भारतातल्या सहाशेवर जिल्ह्यांतल्या १९५६ ते २००९ या काळातल्या शेतमजुरीचे आकडे तपासले. चांगल्या पावसानं चढलेली मजुरी पुढच्या वाईट वर्षात सहसा खाली येत नाही, असं त्यांना दिसलं. एकदा चढलेला रोज टिकतो, आणि म्हणूनच तो चढू नये यासाठी ओसरीवर एवढी काळजी घेतली जाते.

आता आळसाचा मुद्दा. हा माझ्या मनाला जास्त लागलेला, कारण 'आळशी' हा शब्द मी माणसांच्या तोंडावर वापरला आहे. उन्हाळ्यात पाराखाली पत्ते कुटत बसलेली गडीमाणसं दाखवून आम्ही म्हणायचो, बघा, काम आहे म्हटलं तरी उठत नाहीत. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदसानी यांनी ओडिशातल्या खेड्यांत याची थेट परीक्षा घेतली. गावातले सुमारे चोवीस टक्के मजूर त्यांनी महिनाभराच्या बाहेरच्या कामाला लावले आणि मागे गावात काय होतं ते पाहिलं. सुगीच्या महिन्यांत ताबडतोब मजुरी चढली आणि गावातलं काम कमी झालं, म्हणजे तिथं माणसांची खरोखर ओढ होती. रिकाम्या महिन्यांत मात्र चौथा हिस्सा माणसं उचलूनही मजुरी हलली नाही, काम घटलं नाही. गेलेल्यांच्या जागी मागे राहिलेल्यांना काम मिळालं. याचा अर्थ त्या महिन्यांत चारातला एक माणूस चालू दरानं काम करायला तयार असून रिकामा बसलेला होता. जे लोक स्वतःच्या तुकड्यावर किंवा किरकोळ धंद्यात गुंतलेले दिसत होते, त्यांतलेही बरेच जण दुसरं काम मिळत नाही म्हणून तिथं होते.

मग कमी दरानं का जात नाहीत? त्याचंही उत्तर ओडिशातच मिळालं. ब्रेझा आणि कौर यांनी नंदिता कृष्णस्वामी यांच्यासोबत १८३ मालकांकडून ५०२ बेकार मजुरांना कामाचे देकार द्यायला लावले. दर चालू रोजापेक्षा कमी आणि देकार एकांतात, तेव्हा बरेच जण तयार झाले. तोच देकार शेजारपाजारच्या मजुरांसमोर दिला तेव्हा जवळजवळ कुणी तयार होईना. जातीभाईंत, गल्लीत 'दर पाडणारा' म्हणून नाव निघू नये यासाठी ही माणसं आठवड्याच्या सरासरी कमाईच्या ४९ टक्क्यांवर पाणी सोडत होती. ज्याला मी आळस म्हणत होतो ती पोटाला चिमटा घेऊन राखलेली एकी होती. मालकांची एकी ओसरीवर होते, मजुरांची पारावर. दोन्हींत फरक एवढाच, की पारावरच्या माणसाला ती राखताना त्या रात्री चूल पेटेल की नाही याचा विचार करावा लागतो.

हे सगळं वाचून माझ्या जुन्या म्हणण्यातलं काहीच उरलं नाही, असं नाही. सुगीत माणसांची टंचाई खरी आहे. ती ओडिशाच्या आकड्यांत दिसते आणि आमच्या बागेतही दिसते. वीस गुंठ्यांचा शेतकरी मजुरी चढली की खरोखर अडचणीत येतो, कारण बेदाण्याचा भाव त्याच्या हातात नसतो आणि औषधांचं बिल थांबत नाही. तो स्वतः कधी मालक असतो, कधी मजूर. त्याची बायको सकाळी स्वतःच्या रानात भांगलते आणि दुपारी दुसऱ्याच्या. त्याला मजुराचा शत्रू ठरवणाऱ्या शहरी लेखनाशी मी आजही सहमत नाही. मात्र त्याच्या दुखण्याचं मूळ मालाच्या भावात आहे, आणि ते दुखणं आम्ही इतकी वर्षं आक्कांच्या रोजावर काढलं.

मजुरी कितीही वाढवली तरी चालते, असंही मी म्हणणार नाही. १९८८ मध्ये महाराष्ट्रात किमान वेतन एकदम दुप्पट झालं आणि रोजगार हमीची मजुरी त्याच्याशी बांधली गेली. त्यानंतर कामांवरची उपस्थिती घसरली. आम्ही हे उदाहरण 'बघा, गरजच नव्हती' म्हणून द्यायचो. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी ते तपासलं तेव्हा निराळं निघालं: मागणारे होते, पण वाढलेल्या दरानं सगळ्यांना पुरेल इतकी कामं सरकार उघडेना. हमी कागदावर राहिली आणि काम वाटून मिळू लागलं. दर आणि तिजोरी यांचा मेळ बसला नाही तर हमीची हमी जाते. हा धडा मी अजूनही जवळ ठेवतो.

तंत्रज्ञानाबद्दलही थोडं सांगतो. आंध्रच्या कार्डाचं यश वाचून 'बोटाचा ठसा घेतला की भ्रष्टाचार संपतो' असा निष्कर्ष काढणारे खूप आहेत. आंध्रात कार्ड नसलेल्या मजुराची मजुरी अडवली जात नव्हती. त्याला जुन्या पद्धतीनं पैसे मिळत राहिले. पुढे याच मंडळींनी झारखंडच्या रेशनवर अभ्यास केला. तिथं आधारची सक्ती होती, आणि ज्यांचं आधार जोडलेलं नव्हतं त्यांच्या वाट्याचं धान्य घटलं. बोटाच्या ठशाचं यंत्र दोन्हीकडे होतं, सक्ती एकाच ठिकाणी होती. मनरेगाची मजुरी १ जानेवारी २०२४ पासून आधारशी जोडलेल्या खात्यातच देण्याची सक्ती झाली. ज्या विधवा बाईचं नाव आधारवर एक आणि जॉबकार्डावर दुसरं आहे, तिला तालुक्याला किती खेपा घालाव्या लागतात ते आमच्या गावच्या रोजगार सेवकाला विचारा.

आता नव्या कायद्याकडे येतो. 'विकसित भारत – जी राम जी' या नावानं तो ओळखला जातो. त्यात शंभराऐवजी १२५ दिवसांची हमी आहे. बहुतेक राज्यांना खर्चाचा चाळीस टक्के वाटा उचलावा लागेल. आणि पेरणी-सुगीच्या काळात वर्षातून एकूण साठ दिवस कामं बंद ठेवायची तरतूद आहे. ते दिवस राज्यानं आधी जाहीर करायचे. दहा वर्षांपूर्वी हे कलम आलं असतं तर मी त्याच्या स्वागताचा लेख लिहिला असता.

आज मला ते कलम तसं दिसत नाही. सुगीत मजूर मुळातच रोजगार हमीवर फारसे जात नाहीत. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात मनरेगाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. छाटणी-विरळणीच्या टोळीला एकरी उक्त्यानं याहून जास्त पडतं. कामांची खरी मागणी असते ती एप्रिल, मे आणि जूनच्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे हे साठ दिवस बंद ठेवून बागायतदाराच्या हाती फारशी जादा माणसं येणार नाहीत. मजुराच्या हातून मात्र एक गोष्ट नक्की जाईल. हंगामाचा रोज याच दिवसांत ठरतो, आणि 'नाही परवडत, मी तळ्यावर जाते' असं म्हणायची सोय नेमकी त्याच दिवसांत बंद राहील. आंध्रातल्या त्या ८६ टक्क्यांचा पाया ही सोयच होती.

कलम आहे, ते राहणारही. पण साठ दिवस कुठले, हे ठरवणं राज्याच्या हातात आहे, आणि वेगवेगळ्या भागांसाठी ते वेगळे ठरवता येतात. तासगावची ऑक्टोबर छाटणी आणि जतची ज्वारीची काढणी एका तारखेला येत नाही. गडचिरोलीचा धान तर त्याहून निराळा. तेव्हा राज्य सरकारला माझी विनंती आहे, की मंत्रालयात बसून एकच तारीख काढू नका. हे दिवस ग्रामसभेत ठरू द्या, सलग न ठेवता तुकड्यांनी ठेवा, आणि फेब्रुवारी ते मे या महिन्यांत मागणी नोंदवलेल्या प्रत्येकाला पोच देऊन काम उघडा. आणि माझ्या बागायतदार भावांनो, त्या ग्रामसभेला भांगलणाऱ्या बायका आल्याशिवाय ठराव करू नका. तारखा ठरवताना आधी त्यांना बोलू द्या.